एका स्कूटरची तीन चलानं, तिन्ही दुसऱ्यांची

कळव्यात राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंचं हे प्रकरण. नाव देत नाही, इथे त्यांना काकूच म्हणतो. त्यांच्या नावावर २०१७च्या अखेरीस ठाणे आरटीओत नोंदलेली, एमएच-०४ क्रमांकाची एक पांढरी स्कूटर आहे. मंडई, बँक, दवाखाना आणि फार तर खाडीपूल ओलांडून ठाणे स्टेशन, एवढाच तिचा फिरण्याचा परीघ. २०२५च्या पहिल्या काही महिन्यांत या स्कूटरवर तीन ई-चलानं निघालेली दिसली: एक नो पार्किंगचं, एक ट्रिपल सीटचं, एक सिग्नल तोडल्याचं. तिन्ही ठिकाणी काकूंची स्कूटर गेलीच नव्हती. तिन्ही चलानं शेवटी रद्द झाली, पण तिन्ही वेगवेगळ्या वाटांनी. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मी बरीच वर्षं वाहन विम्याच्या दाव्यांचं काम केलं. त्या कामात माणूस काय सांगतो याला दुय्यम महत्त्व असतं. समोरची गाडी तीच आहे का, हे आधी पाहायचं. ई-चलानाचंही तसंच आहे. चलान क्रमांकावर निघतं, आणि नोंदणीत त्या क्रमांकापुढे ज्याचं नाव असेल त्याच्याकडे पोहोचतं. त्यामुळे ‘मी त्या दिवशी तिथे नव्हते’ हे कितीही खरं असलं तरी त्याने काही साधत नाही. उलट मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३प्रमाणे गाडी कोण चालवत होतं याची माहिती विचारल्यास ती देणं मालकावर बंधनकारक आहे. ‘मी नव्हते’ म्हटलं, की पुढचा प्रश्न तयारच असतो: मग गाडी कुणाला दिली होतीत? अशा प्रकरणात उपयोगी पडणारं म्हणणं एकच, फोटोतली गाडी माझी नाही. आणि ते सिद्ध करायचं असेल तर घरातल्या माणसांचे नाही, गाडीचे पुरावे लागतात.

चलानं सापडली कशी

एप्रिल २०१९पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी, म्हणजे सगळे म्हणतात ती एचएसआरपी, बसवून घेण्याची राज्यभर घाई चालली होती तेव्हाची गोष्ट. दुचाकीला ४५० रुपये आणि वर जीएसटी. काकूंची मुलगी ऐरोलीला असते. तिने ऑनलाइन वेळ घेताना सगळे कागद तपासले, तेव्हा नोंदणीत मोबाइल क्रमांक काकांचा असल्याचं दिसलं. काका गेले, ते सिमकार्डही कधीच बंद झालं. तिने आधारच्या आधारे परिवहनच्या संकेतस्थळावर काकूंचा क्रमांक टाकला. त्यानंतर थोड्याच दिवसांत थकीत चलानाची आठवण देणारा एसएमएस काकूंच्या फोनवर आला.

काकूंनी तो उघडलासुद्धा नाही. ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल व्हॉट्सॲपवर पाठवून बँक खातं साफ करणाऱ्यांच्या बातम्या त्यांनी वाचलेल्या होत्या. हा संशय अगदी योग्य. चलान खरं की खोटं हे संदेशातल्या दुव्यावरून कधीच तपासू नये; पत्ता स्वतः टाइप करून संकेतस्थळावर जावं. महाराष्ट्रात वाहतूक पोलिसांची चलानं राज्याच्या महाट्रॅफिक ई-चलान संकेतस्थळावर आणि महाट्रॅफिक ॲपवर दिसतात. आरटीओच्या पथकांनी केलेली कारवाई मात्र केंद्राच्या परिवहन ई-चलान संकेतस्थळावर असते. एकीकडे यादी कोरी दिसली म्हणून दुसरीकडेही कोरीच असेल असं नाही. गाडीचा क्रमांक आणि चेसी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाकले, की यादी समोर येते.

यादीत दोन चलानं होती, दोन वेगवेगळ्या पोलीस आयुक्तालयांची. तिसरं नंतर आलं.

शेजारच्यांनी लगेच सल्ला दिला, ‘काकू, भरून टाका आणि मोकळ्या व्हा.’ हा सल्ला फार लोक देतात आणि फार लोक पाळतात. पण दंड भरणं म्हणजे कलम २००खाली गुन्ह्याची तडजोड करणं; गुन्हा झाला आणि तो या गाडीने केला, ही नोंद तशीच राहते. ट्रिपल सीटच्या कलम १९४-सीमध्ये हजार रुपयांच्या दंडाबरोबर तीन महिने परवाना गमावण्याचीही तरतूद आहे. कलम १७७खालच्या किरकोळ गुन्ह्यांना पहिल्या वेळी ५०० आणि पुन्हा झाल्यास १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. दुसऱ्याच्या चुकीची पहिली पावती आपण भरली, की त्याच्या पुढच्या चुकीला आपण ‘पुन्हा गुन्हा करणारे’ ठरतो.

पहिली तक्रार

मुलीने त्याच रात्री दोन्ही चलानांवर संकेतस्थळावरून तक्रार टाकली. मजकूर एकच, दोन्हीकडे चिकटवलेला: आईचं वय झालेलं आहे, गुडघे दुखतात, तिघांना घेऊन स्कूटर चालवणं तिला शक्यच नाही, त्या दिवशी घरी नातवाचा वाढदिवस होता, सोबत फोटो. खरोखरच तीन-चार फोटो जोडले होते. केक, फुगे, काकू मध्यभागी.

नो पार्किंगच्या तक्रारीला उत्तर आलं नाही. ट्रिपल सीटच्या तक्रारीला आलं: छायाचित्रात वाहन क्रमांक स्पष्ट दिसतो, तक्रार अमान्य.

मुलगी चिडली, पण माझ्या मते उत्तर देणाऱ्याकडे दुसरा पर्याय नव्हता. त्याच्या पडद्यावर चलानाचा फोटो आहे, बाजूला नोंदणीतली माहिती आहे आणि तक्रारीत वाढदिवसाचा केक आहे. केकवरून स्कूटरबद्दल काय ठरवणार? काकू घरी असताना स्कूटर शेजारच्या पोराने नेलेली असू शकते, हेच त्याच्या मनात येणार. अशी प्रकरणं त्याने पाहिलेलीही असणार.

त्यानंतर कागद माझ्याकडे आले.

फोटो मोठा करून पाहणे

दोन्ही चलानांचे फोटो आधी उतरवून घेतले आणि फोनवर नाही, संगणकाच्या पडद्यावर मोठे करून पाहिले. हे लोक करत नाहीत. चलानाची रक्कम पाहतात, ठिकाण पाहतात, संतापतात. फोटोकडे मात्र ओझरतं बघतात. सगळी गोम त्या फोटोतच असते.

नो पार्किंगच्या फोटोत चक्क मोटरसायकल होती. काळी, टाकीवर पट्टे असलेली. पाटीवर चिखल. काकूंच्या क्रमांकात शेवटून दुसरा आकडा ३ आहे. त्या पाटीवर तो ८ होता, नीट पाहिलं तर सरळ दिसत होता. म्हणजे क्रमांक टाकताना झालेली चूक. गर्दीत उभं राहून हातातल्या यंत्रात एकामागून एक क्रमांक टाकणाऱ्या शिपायाच्या हातून ३ आणि ८ची, बी आणि आरची, डी आणि ओची अदलाबदल होणं नवल नाही. खासगी मोबाइलवर फोटो काढून चलान मागाहून टाकलं, तर ही शक्यता आणखी वाढते, कारण तेव्हा समोर गाडीच नसते. त्या पद्धतीबद्दल बऱ्याच तक्रारी झाल्यावर २०२५मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांनी खासगी मोबाइल वापरू नये असे आदेशही काढले.

ट्रिपल सीटचा फोटो वेगळाच निघाला. स्कूटर काकूंच्याच कंपनीची, त्याच नावाची, पण गडद निळी. तीन पोरं बसलेली. आणि पाटीवरचा क्रमांक अक्षर न् अक्षर काकूंचा. इथे वाचण्यात चूक नव्हती. कुणीतरी काकूंचा क्रमांक स्वतःच्या गाडीवर लावून फिरत होतं.

दोन्ही चलानं चुकीचीच होती, पण पहिलं कारकुनी चुकीचं होतं आणि दुसरं गुन्ह्याचं. दोन्हींना एकच मजकूर चालणार नव्हता. पहिल्यात ‘हा क्रमांक माझा नाही’ एवढं दाखवलं की काम झालं. दुसऱ्यात क्रमांक माझाच आहे हे आधी मान्य करून ‘गाडी माझी नाही’ हे दाखवायचं होतं. यातलं पहिलं सोपं आणि दुसरं अवघड, आणि घाईत माणूस नेमकं अवघड प्रकरण सोप्या प्रकरणासारखं लिहून मोकळा होतो.

सोपं चलान

याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नवी तक्रार चार ओळींची: चलान क्रमांक अमुक, फोटोतल्या पाटीवर शेवटून दुसरा आकडा ८ आहे, माझ्या गाडीचा ३ आहे, फोटोत मोटरसायकल आहे, माझं वाहन स्कूटर आहे. सोबत पाटीचा मोठा केलेला तुकडा आणि आरसीची प्रत. वय, गुडघे, वाढदिवस काही नाही. चलान रद्द झालं. फोटोतला, ३ऐवजी ८ असलेला तो क्रमांक कुणाचा आहे ते शोधून काढण्याचा मोह मुलीला झाला होता; मी नको म्हटलं. ते पोलिसांचं काम, आणि त्या माणसाचा गुन्हा फार तर नो पार्किंगचा.

अवघड चलान

इथे मला जुन्या कामाचा उपयोग झाला. काकूंची स्कूटर सोसायटीच्या आवारात उभी करून चलानातल्या फोटोच्या कोनातूनच तिचे फोटो काढले: मागून, किंचित डावीकडून, कमरेच्या उंचीवरून. मग एका कागदावर डावीकडे चलानातला फोटो आणि उजवीकडे आमचा, असे शेजारी-शेजारी छापले आणि फरकांवर बाण काढले. रंग पहिला. सीटचं कव्हर. मागच्या ग्रॅब रेलचा आकार. काकूंच्या स्कूटरच्या मागच्या पत्र्यावर जुना पोचा आहे, तो तिकडे नव्हता.

पण रंगावर विसंबून राहू नये. पोलीस पहिला प्रश्न तोच विचारतात, आणि विचारलाही: रंग बदलून घेतला असेल तर? कायद्याने बदल आरसीवर नोंदवावा लागतो, पण न नोंदवता रंग मारणारे ढिगाने आहेत. सीट कव्हरही पाचशे रुपयांत बदलतं. जे सहज बदलता येत नाही ते शोधायला हवं होतं.

ते सापडलं मागच्या दिव्यात. गाड्यांच्या धुराची बीएस-सहा मानकं एप्रिल २०२०पासून लागू झाली, तेव्हा त्या स्कूटरची नवी आवृत्ती आली आणि तिच्यात मागच्या दिव्याचा आणि भोवतालच्या पत्र्याचा आकार बदललेला होता. चलानातल्या निळ्या स्कूटरला हा नवा दिवा होता. २०१७ साली नोंदलेल्या गाडीला तो असूच शकत नाही. रंगाच्या बाणापेक्षा हा बाण मी जाड काढला.

दुसरा पुरावा लोकांच्या पाकिटात पडलेला असतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही: पीयूसी. आता पीयूसी प्रमाणपत्रावर गाडीच्या पाटीचा फोटो असतो, तारीख-वेळ असते, आणि ते सरकारी नोंदीत चढतं. काकूंची स्कूटर बीएस-चार, म्हणजे दर वर्षी एक पीयूसी. जुनी प्रमाणपत्रं त्यांनी शाळेच्या हजेरीपत्रकासारखी क्रमाने लावून ठेवली होती. प्रत्येक फोटोत तीच पांढरी स्कूटर, तोच जुना दिवा. रंग बदलून पुन्हा पांढरा केला असा संशय घ्यायला मग जागाच उरत नाही. याखेरीज सर्व्हिसिंगची बिलं, ज्यांवर किलोमीटरचा आकडा आणि चेसी क्रमांक असतो, आणि विम्याचा कागद.

चारचाकीवाल्यांना फास्टॅगची नोंदही कामाला येते, पण ठाणेकरांनी तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. ऑक्टोबर २०२४पासून ऐरोली, वाशी, मुलुंडचे दोन आणि दहिसर अशा मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला. खिशाला बरंच झालं, पण ‘त्या वेळी माझी गाडी ऐरोलीच्या नाक्यावर होती’ असं दाखवणारी नोंदही त्याबरोबर गेली.

अर्ज कुठे करायचा

हा प्रश्न आपल्या भागात फारच गोंधळाचा आहे. कळव्यातून विटाव्याच्या रेल्वेपुलाखालून पुढे दिघ्यात शिरलं, की ठाणे आयुक्तालय संपून नवी मुंबई आयुक्तालय सुरू होतं. कोपरीपुढे मुलुंड, ते मुंबईचं. घोडबंदर रस्त्याने गेलं तर २०२०पासून मीरा-भाईंदर, वसई-विरारचं वेगळं आयुक्तालय. भिवंडी, कल्याण, उल्हासनगर ठाण्याकडेच. महामार्ग पोलीस आणखी निराळे. संकेतस्थळ सगळ्यांचं एक असलं तरी चलान रद्द करण्याचा निर्णय ज्या पोलीस घटकाने ते काढलं त्याचाच. काकूंचं घर ठाण्यात आहे म्हणून ठाण्यातल्या चौकीवर जाऊन दुसऱ्या आयुक्तालयाचं चलान रद्द होत नाही. तिथला हवालदार कितीही भला असला तरी ‘काकू, हे आमच्याकडचं नाही’ एवढंच तो सांगू शकतो, आणि त्याने तेच सांगितलं.

चलान काढणाऱ्या घटकाच्या कार्यालयात आम्ही कागदांसह गेलो, आणि स्कूटर घेऊन गेलो. मुलीला ते अनावश्यक वाटत होतं. पण तिथल्या साहेबांचं पहिलं वाक्य होतं, ‘गाडी कुठे आहे?’ खाली उभी आहे म्हटल्यावर त्यांचा सूरच बदलला. एका शिपायाने चेसी क्रमांक आणि इंजिन क्रमांक आरसीशी ताडून पाहिले, मागचा दिवा पाहिला, फोटो काढले. तुलनेचा कागद त्यांनी स्वतःच्या फाइलला लावून घेतला. वाढदिवसाबद्दल कुणी विचारलं नाही. ट्रिपल सीटचं चलान त्यानंतर यथावकाश यादीतून गेलं.

रद्द झाल्याचं तोंडी कळल्यावर लगेच निश्चिंत होऊ नये. संकेतस्थळावर पुन्हा क्रमांक टाकून पाहावं, आणि यादी कोरी दिसली की तारखेसह तिचा स्क्रीनशॉट ठेवावा.

पोलीस ठाणं

चलान रद्द झाल्यावर काकूंना वाटलं, संपलं. माझ्या मते खरं काम इथून पुढे होतं. ती निळी स्कूटर अजून रस्त्यावर होती. तिने कुणाला धडक दिली आणि पोरं पळून गेली, तर साक्षीदाराने टिपलेल्या क्रमांकावरून पोलीस काकूंच्या दारात येणार. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०)प्रमाणे नोंदणीत ज्याचं नाव तो मालक. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी विकून झाली तरी नोंद न बदललेल्या मालकालाच अपघाताच्या भरपाईसाठी जबाबदार धरलं होतं. काकूंची बाजू अर्थातच निराळी आणि भक्कम, पण ती अपघातानंतर मांडण्यापेक्षा आधी कागदावर असलेली बरी.

राहत्या भागातल्या पोलीस ठाण्यात दोन वळणं आली. पहिलं, ‘जिथे चलान झालं तिथे जा.’ भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ स्पष्ट सांगतं की दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द कुठलीही असली तरी देता येते. हे भांडून नाही, अर्जात एक ओळ लिहून सांगितलं. दुसरं वळण अधिक फसवं होतं. ‘पाटी गहाळ झाल्याचा दाखला देतो, तेवढ्यावर काम होईल,’ असं सुचवलं गेलं. तसा दाखला चुकूनही घेऊ नये. पाटी गहाळ झालेलीच नव्हती. ती काकूंच्या स्कूटरवर होती. उद्या तोच दाखला दाखवून कुणीही म्हणेल, तुमची पाटी हरवली, ती कुणाला सापडली, तुम्ही नवी का नाही घेतली? अर्जात वाक्य असं हवं: माझ्या वाहनाचा क्रमांक असलेली बनावट पाटी दुसऱ्या वाहनावर लावून वापरली जात आहे. भारतीय न्याय संहितेत बनावट दस्त तयार करणं आणि वापरणं यांची कलमं अनुक्रमे ३३६ आणि ३४०, फसवणुकीचं ३१८. कोणतं लावायचं ते पोलीस ठरवतील. आपण घडलेलं नेमकं लिहायचं. पोलीस ठाण्याने नोंद नाकारली तर कलम १७३(४)प्रमाणे उपायुक्तांकडे लेखी पाठवता येतं, आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

पहिल्या वेळी नुसत्या अर्जावर शिक्का मिळाला. गुन्हा नोंदला गेला तो तिसरं चलान आल्यावर.

तिसरं चलान, आणि लोकअदालतीची नोटीस

मार्चमध्ये काकूंच्या स्कूटरला एचएसआरपी बसली. काही आठवड्यांनी सिग्नल तोडल्याचं चलान आलं, या वेळी चौकातल्या कॅमेऱ्याचं. तीच निळी स्कूटर. पण आता पुरावा आयताच मिळाला होता. एचएसआरपीवर डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम असतो, त्याच्याखाली निळी अक्षरं, उठावदार आकडे आणि लेझरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो. निळ्या स्कूटरवर स्टिकरचे आकडे लावलेली साधी पाटी होती. बसवल्याची पावती तारखेसह काकूंकडे होती, आणि चलान त्यानंतरचं.

एवढं असूनही ऑनलाइन तक्रारीवर उत्तर आलं: न्यायालयात दाद मागावी. असं उत्तर आलं की लोक हात टेकतात. खरं तर न्यायालयाची वाट मालकाला गैरसोयीची असली तरी कमजोर नाही. तिथे गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी चलान काढणाऱ्याची. २०२१मध्ये आलेल्या केंद्रीय मोटार वाहन नियम १६७-एप्रमाणे कॅमेऱ्याच्या चलानात गुन्हा आणि पाटी दाखवणारा स्पष्ट फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं. कॅमेऱ्याला दर वर्षी नूतनीकरण होणारं मान्यता प्रमाणपत्र हवं. नोटीस १५ दिवसांत जायला हवी आणि चलान निकाली निघेपर्यंत नोंद जपून ठेवायला हवी. काकूंच्या बाबतीत स्पष्ट फोटोच त्यांच्या बाजूने बोलत होता.

तरी आम्ही न्यायालयाआधी एक पायरी घेतली. त्या घटकाच्या वाहतूक उपायुक्तांच्या नावे लेखी अर्ज, सोबत तुलनेचा नवा कागद, एचएसआरपीची पावती, ट्रिपल सीटचं चलान याच कारणाने रद्द झाल्याचा पुरावा. आवक-जावक विभागात दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. बराच काळ काही हललं नाही, तेव्हा माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. महाराष्ट्रात हा अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर बसवावा लागतो, शुल्क १० रुपये. मी त्यात तक्रार लिहू दिली नाही. फक्त विचारलं, अमुक तारखेच्या अर्जावर कोणत्या दिवशी कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याने काय कार्यवाही केली, आणि त्या चौकातल्या कॅमेऱ्याच्या मान्यता प्रमाणपत्राची प्रत मिळावी. उत्तराची मुदत ३० दिवसांची. माहितीचं उत्तर येण्याआधी चलान रद्द झाल्याचं कळलं. दोन्हींचा संबंध होता की नाही यावर मी पैज लावणार नाही.

मधल्या काळात काकूंच्या फोनवर लोकअदालतीची नोटीसही आली होती. दंड कमी होतो म्हणून अशा दिवशी जिल्हा न्यायालयात रांगा लागतात, आणि ज्याचं चलान खरं आहे त्याने जरूर जावं. पण लोकअदालत तडजोडीसाठी असते. ‘ही गाडी माझीच नाही’ यात तडजोड कशाची करायची? आणि तिथे झालेला निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. मुलीला अर्ध्या दंडाचा मोह पडला होता. काकूंना नाही पडला. ‘अर्धा का होईना, भरायचा कशासाठी?’ असं त्यांनी विचारलं, आणि त्या गेल्या नाहीत.

सध्याची स्थिती

निळी स्कूटर हे लिहीपर्यंत सापडलेली नाही. पोलिसांत गुन्हा नोंदलेला आहे, आणि ती अडवली गेली तर चेसी क्रमांक तपासावा असं कळवलेलं आहे. एवढंच आपल्या हातात होतं. मध्यंतरी चौथंही चलान आलं, हेल्मेटचं. या वेळी मुलीने कुणालाही विचारलं नाही. गुन्ह्याची प्रत, तुलनेचा कागद, पीयूसी, एचएसआरपीची पावती, आधीच्या दोन चलानांच्या रद्दीचे स्क्रीनशॉट असं सगळं एका पीडीएफमध्ये जोडलेलं होतंच. तिने फक्त वरच्या अर्जातला चलान क्रमांक आणि तारीख बदलली, आणि ज्या घटकाने चलान काढलं त्याच्याकडे ते पाठवून दिलं. ते पहिल्या तक्रारीतच रद्द झालं.